पसाऱ्याला जागा

यंदाच्या मुखपृष्ठाचं चित्र बघायला गेलो, तेव्हा चित्रकार ते पलंगाखालून ओढून काढत होता. आसनगाव स्टेशनपासून दहा मिनिटांवर दोन खोल्या, त्यात पाच माणसं. सकाळी कॅनव्हास भिंतीला टेकतो, दुपारी मुलं शाळेतून आली की कपाटाच्या कडेला उभा राहतो आणि रात्री अंथरुणं पडायच्या आत पलंगाखाली जातो. तैलरंग सुकायला दिवस घेतात, ओला रंग चादरीला लागतो, म्हणून त्यानं तैलरंग सोडले आणि ॲक्रिलिक धरलं. हसत म्हणाला, "काका, लोक म्हणतात शैली बदलली. घरात एक खोली जास्त असती तर नसती बदलली."

चित्रकाराला जागा कशाला हवी, याची आपण भारदस्त कारणं देतो. एकांत, चिंतन, उत्तरेचा उजेड. तेही हवंच. पण पहिली गरज फार साधी आहे. काम अर्धवट टाकून उठता यावं आणि दुसऱ्या दिवशी ते तसंच सापडावं. उघडी ट्यूब, पाण्यात बुडालेले ब्रश, जमिनीवर पसरलेली रेखाटनं बघून कुणी "आवर आता" म्हणू नये. स्टुडिओ म्हणजे पसारा राहू देणारी खोली. यंदाचा अंक आम्ही या खोलीच्या शोधाला वाहिला आहे.

दिवाळी अंकानं हा विषय घ्यावा, याला कारण आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या परंपरेनं जसं लेखकाला लिहितं ठेवलं तसं चित्रकारालाही हाताशी काम दिलं. गोव्याहून मुंबईत आलेल्या दीनानाथ दलालांनी स्वतःचा स्टुडिओ चालवला आणि १९४५मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. गोव्याच्याच रघुवीर मुळगावकरांनी 'रत्नप्रभा' काढला. मराठी घरांच्या भिंतींवर या दोघांची चित्रं चौकटीत बसली, ती अंकांमधून आणि कॅलेंडरांमधून. आज मुखपृष्ठाच्या मानधनात एका खोलीचं महिन्याचं भाडंही निघत नाही. आमच्या मानधनातही निघत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मुंबईत परवडणारी जागा कधी नव्हतीच असं नाही. वॉर्डन रोडला समुद्राकाठी भुलाभाई देसाईंचा बंगला होता. त्यांच्या नावाच्या संस्थेनं १९५० आणि ६०च्या दशकांत तिथल्या खोल्या कलावंतांना नाममात्र पैशांत वापरायला दिल्या. गिरगावच्या चाळीत वाढलेले वासुदेव गायतोंडे तिथं रंगवत होते, हुसेन होते, प्रफुल्ला डहाणूकर होत्या. रविशंकरांची 'किन्नर' ही संगीतशाळा तिथलीच, अल्काझींच्या नाटकाच्या तालमीही तिथल्याच. एका खोलीत रंग, दुसरीत सतार, तिसरीत संवाद. पुढं बंगला पडला आणि त्या जागी उंच इमारत उभी राहिली. रस्त्याला भुलाभाईंचं नाव आहे, खोल्या गेल्या. दात्याच्या मर्जीवर मिळालेली जागा मालमत्तेची किंमत वाढेपर्यंतच टिकते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

ज्यांनी हा धडा आधीच घेतला ते वेगळ्या वाटेनं गेले. मद्रासच्या कलाशाळेचे के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६६मध्ये शहराबाहेर किनाऱ्यालगत वर्गणी काढून जमीन घेतली आणि चोळमंडल वसवलं. पैसा आला बाटिक आणि इतर हस्तकलेतून. दिवसाचे काही तास विकाऊ काम, उरलेले स्वतःचं. दिल्लीत ललित कला अकादमीनं १९७६मध्ये गढी गावातल्या जुन्या वास्तूत स्टुडिओ काढले. एका ठिकाणी कलावंत मालक, दुसऱ्या ठिकाणी सरकार. दोन्हीकडे आजही काम चालू आहे.

आता आपल्याकडे वळू. मुंबईचा कलावंत दादर सोडून डोंबिवलीला आला, डोंबिवलीहून बदलापूरला गेला, आणि आता मुंबईपासून सुमारे ८५ किलोमीटरवरच्या आसनगावला उतरून रिक्षावाल्याला "इथं गाळा मिळेल का?" असं विचारतो आहे. या वाटेवरचा आपला सर्वांत मोठा पूर्वज कल्याणचा. शिल्पकार सदाशिव तथा भाऊ साठे. दिल्लीच्या चांदनी चौकातले गांधीजी त्यांचे, गेटवे ऑफ इंडियासमोरचे अश्वारूढ शिवाजी महाराज त्यांचे. त्यांचं शिल्पालय डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहे, आणि ते तिथं असणं मला फार अर्थपूर्ण वाटतं. ओल्या मातीचं शिल्प पलंगाखाली सरकवता येत नाही. त्यावर ओलं फडकं टाकून ठेवावं लागतं, सांगाडा ठोकायला जागा लागते, प्लास्टरचा साचा उतरवायला उंच छत लागतं. शिल्पकाराची जागा दिवाणखान्यापेक्षा कारखान्याच्या जास्त जवळची.

असे कारखाने आपल्या शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत आहेत, फक्त आपण त्यांना स्टुडिओ म्हणत नाही. गणपतीच्या कारखान्याची शेड उन्हाळ्यात जागी होते आणि चतुर्थीला रिकामी होते. पुढचे सहा-सात महिने तिथं साचे आणि धूळ. भातगिरणीचं आवार सुगी सरली की ओस पडतं. काही गावांत पट घटलेल्या शाळेच्या एखाद्या वर्गखोलीला कुलूप आहे. आणि बाजारपेठेतलं पेंटरचं दुकान? पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती रंगवणारा तो माणूस हा आपला पहिला व्यावसायिक चित्रकार. फ्लेक्स आला आणि त्याचं शटर खाली आलं. त्या शटरमागे अजून उजेड येतो.

जागा दिसली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. आपला पाऊस पत्र्यावर असा कोसळतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आषाढात कॅनव्हासच्या पाठीवर पांढरी बुरशी धरते. म्हणून भाडं ठरवायच्या आधी जोतं किती उंच आहे ते बघा, पावसाळ्यात भिंतीला ओल कुठवर चढते ते शेजाऱ्याला विचारा. दगड कापायचा किंवा वेल्डिंग करायचं असेल तर थ्री फेजचं कनेक्शन आहे का ते बघा. मुरबाडला रेल्वे नाही. सहा फुटी कॅनव्हास एसटीत चढत नाही, टेम्पो करावा लागतो, आणि दोन खेपांत स्वस्त भाड्याची बचत संपते. शहापूरकडच्यांना निदान लोकलचा मालडबा आहे. भाजीच्या टोपल्यांशेजारी चित्र उभं करून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत नेणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि जमीन. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही, आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. हे कायदे आहेत म्हणून आमच्या ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी कुटुंबांकडे काहीतरी उरलं आहे. पलीकडे बिगरशेती प्लॉटच्या पाट्या हायवेभर आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही शहापुरातूनच जातो. रस्ता आला की फार्महाऊस येतात, फार्महाऊस आले की गावातल्या खोलीचं भाडं चढतं. मग आधी चित्रकार हलतो आणि त्याच्यामागून गावातला भाडेकरू. भातसा, तानसा, मोडकसागर शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईच्या नळाला, आणि आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. जागेच्या बाबतीत तरी हा हिशेब पुन्हा घडू नये.

म्हणून एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. वारली घरात लग्न निघालं की सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते. त्या दोन-चार दिवसांत भिंत हाच स्टुडिओ. कुणी "आवर" म्हणत नाही, कारण त्या पसाऱ्याशिवाय लग्नच लागत नाही. लग्न सरलं की चित्र हळूहळू पुसट होतं, त्याला ठेवायला जागा लागत नाही. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी कागद आणला आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही रेघ जगभर नेली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण चित्र कागदावर आलं त्या दिवशी पाड्यावरच्या कलावंतालाही मुंबईच्या चित्रकाराचा प्रश्न लागू झाला. कागद उंदरापासून, पावसापासून, लेकरांच्या हातापासून ठेवायचा कुठं? परवडणारा स्टुडिओ ही शहरातून आलेल्यांची हौस नाही. डोळखांबच्या मुलीला आणि टोकावड्याच्या मुलाला तो आधी हवा आहे.

आमचं मागणं मोठं नाही. ग्रामपंचायतींनी बंद खोल्यांची यादी करावी. त्या अकरा महिन्यांच्या करारानं, परवडेल अशा भाड्यानं द्याव्यात. निम्म्या खोल्या तालुक्यातल्या कलावंतांसाठी राखाव्यात. बाहेरून येणाऱ्यानं भाड्याचा काही भाग गावच्या शाळेत आठवड्याला एक तास चित्रकला शिकवून फेडावा. गणपतीच्या कारखानदारांनी रिकाम्या महिन्यांचा विचार करावा. मुरबाडकडच्या म्हसोबाच्या यात्रेत बैलबाजार आणि घोंगड्या आहेतच, पौष पौर्णिमेला तिथं चित्रांचीही एक रांग लागली तर गिऱ्हाईक आपल्या दारात येईल.

या अंकात मूर्तिकार, पाटी रंगवणारे पेंटर, वारली चित्रकार आणि कलाशिक्षक आपापल्या जागेबद्दल बोलले आहेत. कुणी गोठ्यात काम करतं, कुणी गच्चीवर ताडपत्रीखाली.

दुसऱ्यांना सांगून झालं, आता स्वतःचं. हा अंक छापखान्यामागच्या एका खोलीत तयार होतो. आषाढात तिचं कुलूप उघडतं, दिवाळीला लागतं. उरलेले सात-आठ महिने तिथं जुने गठ्ठे आणि एक पंखा, बाकी काही नाही. गठ्ठे आम्ही माळ्यावर चढवले आहेत. भाऊबीज झाली की मुखपृष्ठाचा चित्रकार तिथं त्याचा कॅनव्हास आणेल. भाडं ठरलं आहे, पुढच्या वर्षीचं एक मुखपृष्ठ. किल्लीची दुसरी प्रत करून घेतली आहे. त्यानं एकच विचारलं, "काका, तैलरंग चालतील ना?"



— संपादक