दारू म्हणजे औषध

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस उरले असताना माझ्या वर्गात भांडण लागलं. एक मुलगा म्हणाला, फटाके मोगलांनी आणले, म्हणजे ते तुमचे. मागच्या बाकावरून उत्तर आलं, आमच्यात आतषबाजी हराम आहे, म्हणजे ती तुमचीच. एरवी प्रत्येक गोष्टीवर हक्क सांगणारी ही पोरं इथे ती एकमेकांच्या अंगावर ढकलत होती. आदल्या वर्षी याच वर्गातल्या एका मुलीच्या डोळ्याला गल्लीत सुटलेलं रॉकेट लागलं होतं. ती पहिल्या बाकावर बसून गप्प ऐकत होती.

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. त्यामुळे भांडण मिटवायला माझ्याकडे शब्दांशिवाय काही नसतं. फळ्यावर लिहिलं, 'दारू'. गडचिरोली 1993 पासून दारूबंदीचा जिल्हा. वर्ग हसला, तेवढं वातावरण निवळलं.

फारसीत दारू म्हणजे औषध. 'दवादारू'त तेच आहे. बंदुकीत आणि भुईनळ्यात भरतात तीही दारूच. हे नाव असं का पडलं असावं? चिनी भाषेत बारुदीला 'आगीचं औषध' म्हणतात, अरबीत तिला 'दवा'ही म्हणत. तेराव्या शतकातला वनस्पतींचा जाणकार इब्न अल-बैतार शोऱ्याचं नाव 'चीनचा बर्फ' असं देतो. म्हणजे वस्तू चीनमधून निघाली आणि वाटेत प्रत्येक भाषेत औषध होऊन राहिली. महताबी आणि चंद्रज्योत पाहा. एक नाव फारसी, दुसरं संस्कृत, चंद्र एकच.

मग मोगलांचं काय? मोगल येण्याच्या कितीतरी आधी, 1443 मध्ये, विजयनगरला गेलेला तैमुरी वकील अब्दुर रझ्झाक तिथल्या महानवमीच्या उत्सवातल्या आतषबाजीचं वर्णन करतो. सोळाव्या शतकात आपले एकनाथ महाराज 'रुक्मिणी स्वयंवरा'त कृष्णाच्या लग्नाला शोभेची दारू उडवतात. उलट 1667 मध्ये औरंगजेबाने साम्राज्यभर आतषबाजीला मनाई केली. बिकानेरच्या अभिलेखागारात असलेल्या त्या हुकमात दिवाळीचं नाव नाही. शबे-बरातच्या आतषबाजीवर तर त्याच्याही आधी दिल्लीचे शेख अब्दुल हक मुहद्दिस कडाडून बोलले होते. आमच्या मोहल्ल्यांनी त्यांचं किती ऐकलं, ते आम्हालाच ठाऊक.

मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पर्वतीचा प्रसंग. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावर निबंध लिहिला, त्यात पेशव्यांच्या बखरीतला हा मजकूर आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीची हकिकत सांगतात. चार दिवस लाखो दिवे, आणि गावाबाहेर राजाची 'दारूची लंका'. मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, मोठा हनुमान, सगळे दारूचे. हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जाऊन लंकेची घरं पेटवतो. ऐकून पेशव्यांनी तसाच खेळ पर्वतीच्या पायथ्याशी करवला. तो पाहायला पेशवे होते, महादजी होते आणि पुण्याची रयतही होती.

यात लंकेपेक्षा मांडणी पाहण्यासारखी आहे. गावाबाहेरची जागा, ठरलेली वेळ, बत्ती जाणत्या हातात आणि बाकी सगळे लांब उभे. लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेत लोक तिकीट काढून हेच पाहायला जात. ती 1859 मध्ये बंद झाली. 1865 पासून क्रिस्टल पॅलेसच्या बागेत ब्रॉक कंपनीचे खेळ सुरू झाले. सगळं सुरक्षित होतं असं नाही. टिपूच्या अग्निबाणांवरून आपले रॉकेट बनवणाऱ्या काँग्रीव्हने 1814 मध्ये लंडनच्या बागांत मोठी आतषबाजी केली, तेव्हा सेंट जेम्स पार्कमधला पॅगोडा पेटून दोघं दगावले. जाणत्या हातातही ही वस्तू अशी. आपण ती आठ वर्षांच्या पोराच्या हातात देतो, तीही चार हातांच्या गल्लीत.

आपल्याकडे जुनी मांडणी पार संपलेली नाही. सांगलीकडच्या कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे आजही गावानेच बनवलेलं दारूकाम उडतं आणि आसपासची गावं पाहायला लोटतात. माझ्या लहानपणी वडशात दसऱ्याला रावण जळायचा तेव्हा अब्बा मला खांद्यावर घेऊन उभे राहत. घरी फुलबाजीला पैसे मागितले तर मात्र साफ नाही म्हणत. तेव्हा मला ते कंजूस वाटायचे.

माझं मत सरळ आहे. गल्लीतले फटाके बंद व्हावेत, दिवाळीचे आणि आमच्या वरातींचेसुद्धा. त्याऐवजी गावाने वर्गणी काढून एक रात्र, एक मैदान ठरवावं. जंगलाच्या बाजूला नको, वैनगंगेच्या बाजूला. ही कल्पना माझी एकटीची नाही. 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली आणि ठरावीक जागी सामूहिक आतषबाजी करण्यावरही भर दिला. आठ ते दहा तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पाळलं नाही ती गोष्ट वेगळी. मैदानाचं कुणालाच आठवत नाही.

मुलांना ते पटलं. नगरपरिषदेसाठी अर्ज त्यांनीच लिहिला, एक मराठीत, एक उर्दूत. डोळ्याला लागलं होतं त्या मुलीने दोन्ही तपासले. मराठी अर्जात जिथे जिथे 'दारू' होतं तिथे तिने आधी 'शोभेची' घातलं. म्हणाली, मॅडम, नाहीतर हा कागद सरळ पोलीस ठाण्यात जाईल.