यातून मुलं काय शिकणार?

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून ३० जुलै १९३८ रोजी ‘बीनो’ नावाचं मुलांचं विनोदी साप्ताहिक निघालं. महायुद्धात कागदाची टंचाई झाली, तेव्हा ते आठवड्याआड निघू लागलं. पण बंद पडलं नाही. २०१९ साली त्याचा ४०००वा अंक आला. त्याचं थोरलं भावंड ‘डँडी’ मात्र पंचाहत्तरी गाठून २०१२मध्ये छापील रूपात थांबलं.

‘बीनो’त असतं काय? नुसत्या खोड्या! काळ्या-लाल पट्ट्यांच्या जर्सीतला डेनिस १९५१मध्ये आला. (आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून दिसणारा तो अमेरिकन डेनिस वेगळा, गंमत म्हणजे दोघे जन्मले एकाच महिन्यात.) पूर्वी खोडीचा शेवट बापाच्या चपलेने व्हायचा. काळ बदलला, चप्पल गेली, खोडी राहिली. हे साप्ताहिक टिकलं ते मुलांच्या पक्षात राहिलं म्हणून, असं माझं मत आहे.

आपल्याकडे मात्र मुलांच्या हाती काही द्यायचं, तर सोबत चिमूटभर बोध हवाच. १९५२पासून मराठीत आलेल्या ‘चांदोबा’वर पिढ्या वाढल्या, पण गोष्ट संपता संपता शहाणपण पदरात पडायचंच. तो ‘चांदोबा’ही २०१३मध्ये मावळला. १९७१पासूनचा ‘किशोर’ देखणा आहे, पण शेवटी पाठ्यपुस्तक मंडळाचं लेकरू!

निखळ गंमत आणली ती चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने. नोव्हेंबर १९९१मध्ये तो ‘सकाळ’मध्ये अवतरला. मिनी, बगळ्या, पप्पू ही मंडळी आपल्याच सोसायटीतली वाटत. आमच्या घरचा पेपर माझ्याबरोबर सकाळच्या लोकलने चर्चगेटला जायचा, म्हणून मुलीसाठी मी चिंटूची पुस्तकं आणली. ती एकटीच खिदळत बसे. एका पाहुण्यांनी पुस्तक चाळून विचारलं, “यातून मुलं काय शिकणार हो?”

हाच प्रश्न इंग्रजी कॉमिकला कुणी विचारत नाही. तिथे ‘इंग्रजी सुधारतं’ एवढं पुरतं. वसई-विरारच्या नव्या वसाहतींतली किती तरी मराठी मुलं इंग्रजी शाळांत जातात. मराठी त्यांच्या वाट्याला येते ती एक विषय म्हणून: व्याकरण, निबंध, गुण. ज्या भाषेत पोर कधी पोट धरून हसलंच नाही, ती भाषा मोठेपणी त्याने आपली का म्हणावी? घराघरांत कादोडी, वाडवळी बोलणाऱ्या आजी-आजोबांच्या थट्टेवर पोसलेला हा मुलूख. निदान इथे तरी हे पटवून द्यावं लागू नये.

‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, ते जरूर वाचा. पण दर आठवड्याला वाट पाहावी असं काही? मध्यंतरी स्टेशनजवळच्या स्टॉलवर मी मुलांसाठी मराठी विनोदी काही आहे का, म्हणून विचारलं. विक्रेत्याने बराच वेळ शोधलं आणि सामान्यज्ञानाचं पुस्तक पुढे केलं.