रिमोटची गाडी आणि उशाशी चार्जर

आरोग्याच्या सदरात खेळण्यांच्या बॅटऱ्यांवर लिहिण्याचे कारण काय, असे काही वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. भाजलेले मूल शेवटी दवाखान्यातच येते. रिमोटची गाडी, छोटे हेलिकॉप्टर, ड्रोन ही खेळणी आता मुंबई-पुण्याची राहिलेली नाहीत. रथोत्सवाच्या दिवसांत आपल्या पारोळ्याच्या बाजारपेठेतही मुले त्यांच्यासाठी हट्ट धरतात. ही खेळणी मुलांना देऊ नयेत, असे माझे मत मुळीच नाही. दिवसभर मोबाइलमध्ये डोके खुपसून बसणाऱ्या मुलापेक्षा गाडीची मोटर उघडून बघणारा मुलगा मला केव्हाही बरा वाटतो. माझी तक्रार फक्त एका सवयीबद्दल आहे. दिवसभर खेळून झाले की बॅटरी रात्री चार्जिंगला लागते, आणि ती लागते नेमकी पलंगाजवळच्या प्लगला, गादीवर, मुलाच्या उशाशी.

सप्टेंबर २०२२ मधील वसईची घटना अनेकांनी वाचली असेल. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून रात्री घरात चार्जिंगला लावलेली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. तेथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. स्कूटरची बॅटरी मोठी आणि खेळण्याची लहान, हे कबूल. पण आजच्या बहुतेक ड्रोनमध्ये आणि वेगवान गाड्यांमध्ये असलेली बॅटरी त्याच जातीची, म्हणजे लिथियमची असते. लहान बॅटरीने भिंत पडत नाही, पण कापसाची गादी पेटायला भिंत पडावी लागत नाही.

ही बॅटरी पेटते तरी का, हे थोडे समजून घ्यावे. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो आणि तेथे चार्जिंग थांबलेच पाहिजे. थांबले नाही तर आत वायू तयार होतो आणि बॅटरी पुरीसारखी टम्म फुगते. आतला पातळ पडदा वितळला की दोन टोके आतल्या आत चिकटतात, उष्णता वाढते, आणि त्या उष्णतेनेच आणखी उष्णता तयार होत जाते. मग बटन बंद करूनही ती आवरत नाही. जुन्या गाड्यांमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असत व अजूनही काहींत असतात. त्यांचा सेल १.२ व्होल्टचा आणि चार्जरही वेगळा. तो चार्जर लिथियमला चालत नाही. घोटाळा असा की पुष्कळदा दोघांची पिन एकमेकांत चपखल बसते, आणि पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. काही हुशार मंडळी तर चार्जरची वायर तुटली की मोबाइलच्या चार्जरची वायर सोलून थेट बॅटरीला जोडतात. मोबाइलचा चार्जर ५ व्होल्टचा असतो, आणि ४.२ ला थांबवणारी व्यवस्था त्या फेकून दिलेल्या तुकड्यात असते!

त्यात आपला खानदेशचा उन्हाळा. खेळण्यांचा हंगाम म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे मे महिना, जेव्हा पारा ४४-४५ वर जातो. लिथियमची बॅटरी ४५ अंशांपेक्षा जास्त तापलेली असताना चार्ज करू नये, अशी साधारण मर्यादा आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी ही मर्यादा चार्जिंग सुरू होण्याआधीच गाठलेली असते. शिवाय गाडी उन्हात पळवून आणली की बॅटरी स्वतःही गरम असते, आणि मुलाला तर लगेच पुन्हा खेळायचे असते. अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यावी, मगच लावावी. विजेचाही एक प्रश्न आहे. काही स्वस्त चार्जर फक्त घड्याळावर चालतात, ठरलेले तास झाले की बंद होतात. मध्येच वीज जाऊन परत आली की त्यांचे तास पहिल्यापासून मोजले जातात, आणि भरलेली बॅटरी पुन्हा भरली जाते. वीज किती वेळा जाते, हे मी आपणांस सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की घरातील मोठे माणूस जागे असेल तेव्हाच आणि शहाबादी फरशीवर, पडदा, गादी, कागद यांपासून दूर चार्जिंग करावे. दाराच्या वाटेत तर मुळीच करू नये, कारण पेटलेच तर बाहेर पडायची वाट तीच असते. फुगलेली, दबलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी पुन्हा लावू नये. खेळण्यांच्या दुकानदारांनाही माझी विनंती आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते पाहून खेळणे घेणारा ग्राहकसुद्धा चार्जर हरवला की काउंटरवर मिळेल तो घेऊन जातो. त्याला बॅटरी आणून दाखवायला सांगा. दहा-वीस रुपयांच्या विक्रीसाठी कोणताही चार्जर हातात देणे हे पाप आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही.

पेटलेच तर आधी मुलांना बाहेर काढावे आणि मेन स्विच बंद करावा. हा धूर साधा नसतो, त्यातले वायू फुफ्फुसाला जाळतात. धूर छातीत गेलेल्याला तासा-दोन तासांनी खोकला किंवा धाप लागली, तरी दवाखान्यात आणावे. भाजलेली जागा नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल यांतले काहीही नको. ते खरवडून काढताना मुलाला दुसऱ्यांदा वेदना होतात. अंगाला चिकटलेला कपडा ओढू नये, स्वच्छ धुतलेले फडके झाकून घेऊन यावे.

गाडीच्या लहान रिमोटमध्ये कधी कधी चपटा गोल सेल असतो, जुन्या चार आण्याएवढा. हा चार्ज होत नाही, पण गिळला जातो. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. तो दुर्बिणीने काढायला जळगाव किंवा धुळे गाठावे लागते, तेव्हा हे दोन तास पारोळ्याच्या माणसाने जरा जास्तच मनावर घ्यावेत. उलटी काढू नये, आणि 'शौचावाटे पडेल' म्हणून केळी खाऊ घालत घरी बसू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि गिळून १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असे सहा वेळांपर्यंत चालते. मात्र मध शोधण्यात वेळ घालवू नये. गाडी आधी.

राहिला निकामी बॅटरीचा प्रश्न. आपण ती उकिरड्यावर टाकतो, आणि कचरा पेटवायची आपल्याकडे हौस आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, पण उत्पादक काही आपल्या गल्लीत येणार नाही. नगरपालिकेने घंटागाडीवर त्यासाठी एक वेगळा पत्र्याचा डबा लावावा. ते होईपर्यंत बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती वाळू भरलेल्या डब्यात, घराबाहेर सावलीत आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.