अंग चोरून बसणाऱ्यांविषयी

चर्चासत्रांतली खरी चर्चा चहाच्या टेबलापाशी होते, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. मध्यंतरी दिल्लीत एका चर्चासत्राला जाण्याचा योग आला. (विषय होता 'समकालीन साहित्यातील देह'. देहाविषयी दोन दिवस बरेच बोलले गेले. खुर्च्या मात्र लोखंडी होत्या.) चहाच्या वेळी आम्ही सहज म्हणालो, की पुण्याहून येताना विमानात गुडघे पुढच्या आसनाच्या पाठीला टेकून अक्षरशः सोलवटले. त्यावर एक ज्येष्ठ प्राध्यापक हसून म्हणाले, "अहो, विमानातून येता, आणि वर पाय पसरायलाही जागा मागता?" सगळे हसले. आम्हीही हसलो. त्या हसण्याचे ऋण फेडावे म्हणून हे टिपण.

प्रथम त्या ज्येष्ठांच्या प्रश्नातली न्याय्य बाजू मान्य करू. ज्या देशात रेल्वेच्या अनारक्षित डब्यात माणसे एका पायावर रात्र काढतात, तिथे विमानातल्या इंचांचा हिशेब मांडणे हे खात्यापित्या घरचे रडगाणे वाटू शकते. शिवाय २००३ साली कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा मार्ग उघडला, तोवर आमच्यासारख्या मास्तरांनी विमान बहुधा आकाशातच पाहिले होते. स्वस्ताईने दार उघडले हे खरे आहे, आणि त्याविषयी आम्ही कृतघ्न नाही. परंतु दार उघडणाऱ्याने आत कसे बसवावे, हा प्रश्न दार उघडल्याने मिटत नाही. 'आत आलात हेच पुष्कळ' हे उत्तर आपल्या समाजाने फार जणांना, फार शतके दिले आहे. साहित्याच्या प्राध्यापकाच्या तोंडी ते इतक्या सहज यावे, याचेच आम्हांला नवल वाटते.

आता मापे. विमानांच्या व्यवहारात 'पिच' नावाचा एक शब्द आहे. एका आसनावरच्या ठरावीक बिंदूपासून पुढच्या आसनावरच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे पिच. या अंतरात आसनाच्या पाठीची जाडीही धरलेली असते, म्हणून ते आपल्या पायांच्या वाट्याला पूर्ण येत नाही. आज साधारण वर्गात हे अंतर ३० ते ३२ इंच असते. स्वस्त सेवांत २८-२९ इंचांवरही येते. रुंदी १७ ते १८ इंच. बोइंग ७७७ हे विमान आले तेव्हा साधारण वर्गाच्या एका ओळीत बहुतेक ठिकाणी नऊ जण बसत. पुढे त्याच फुग्यात बहुतेक कंपन्यांनी दहावा बसवला. विमान रुंद झाले नाही, माणूस अरुंद झाला असे गृहीत धरले गेले.

हे का घडते ते समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, तिसरीतले गणित पुरते. तीस ओळींच्या विमानात प्रत्येक ओळीतून एक इंच काढला, की तीस इंच हाती येतात. तीस इंच म्हणजे आणखी एक ओळ. एक ओळ म्हणजे सहा तिकिटे, दर फेरीला, दिवसातून सहासात फेऱ्या, वर्षभर. आपल्याकडच्या ए-३२० जातीच्या विमानांत एकेकाळी १८० आसने असत, ती पुढे १८६ झाली. त्यासाठी मागच्या बाजूची स्वच्छतागृहेही आक्रसली. प्रवाशाचा एक इंच त्याला जाणवतही नाही, असे सांगितले जाते. एकेक इंच जाणवत नसेल. पण तो घेणारा मात्र तीसही इंच मोजून घेतो.

असे म्हणू नये की साधारण वर्ग म्हणजे स्वभावतःच कोंडवाडा. १९५८ साली अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानांत 'इकॉनॉमी' हा वर्ग सुरू झाला, तेव्हा विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याचे नियम ठरवले. आसनांमधले अंतर ३४ इंच. जेवण म्हणजे थंड, साधे सँडविच. त्या सँडविचवरून पुढे मोठे भांडण झाले. स्कँडिनेव्हियन कंपनीने पावावर इतके पदार्थ रचले, की ते सँडविच उरलेच नाही, अशी अमेरिकन प्रतिस्पर्ध्याची तक्रार होती. आज हे वाचताना हसू येते. पण लक्षात घेण्याजोगे हे, की त्या काळी नियम वरून घातलेला होता, गरिबाला फार सुख मिळू नये म्हणून. आणि तरीही त्या कृपणांनी ठरवलेले ३४ इंच आज पैसे भरून 'जादा जागा' म्हणून विकत घ्यावे लागतात. पुढे १९७८ च्या अमेरिकी कायद्याने तिथल्या कंपन्यांना भाडी आणि मार्ग ठरवण्याची मोकळीक मिळाली. स्पर्धा भाड्यात सुरू झाली आणि तिची किंमत गुडघ्यांनी मोजली.

आमच्या वाचकांनी 'इकॉनॉमी' या शब्दापाशी जरा थांबावे. काटकसर कोणाची, हे तो शब्द सांगत नाही. प्रवासी समजतो, आपली. 'प्रेफर्ड', 'एक्स्ट्रा', 'कम्फर्ट', 'प्लस' ही सगळी विशेषणे जे आधी काढून घेतले त्यालाच चिकटवून परत विकली जातात. आपल्या गावच्या सावकाराला एवढे भाषावैभव साधले नव्हते.

२००९ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्याला एका पत्रकाराने विचारले होते, की काटकसरीच्या धोरणानुसार पुढच्या खेपेला तुम्ही गुरांच्या वर्गातून जाणार का. शशी थरूर यांनी पवित्र गाईंशी ऐक्य म्हणून जाऊ, अशा अर्थाचे उत्तर ट्विटरवर दिले आणि गदारोळ उठला. आठवडाभर देशाने गाईचा अपमान झाला का, प्रवाशांचा झाला का, की पक्षश्रेष्ठींचा, यावर खल केला. मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्या सगळ्या कोलाहलात त्या वर्गाला गुरांचा वर्ग का म्हणतात, आणि तसे म्हणण्यासारखे तिथे काय आहे, हे फारसे कोणी विचारले नाही. शब्दाचा अपमान सर्वांना झोंबला. आसन तसेच राहिले.

याउलट एक जुने उदाहरण. १९१७ साली गांधीजींनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी एक लेख लिहिला. तो पुढे पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला. मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या त्या डब्यात बावीस जणांची जागा होती आणि भाडे तेरा रुपये नऊ आणे होते, हे तपशील ते नोंदवतात. मग विचारतात, की पहिल्या वर्गाचे भाडे पाचपट असेल, तर तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सुख मिळते काय? या प्रश्नाचे सौंदर्य असे, की तो दयेची याचना करत नाही, हिशेब मागतो. 'निदान गाडीत तरी बसायला मिळते' असे त्यांना कोणी म्हटले असेल तर त्यांनी त्याची पर्वा केलेली दिसत नाही.

आणि दुसरे उदाहरण तर आपल्याच घरचे. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेला, राजापूरमधून निवडून आलेला हा समाजवादी माणूस. त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीचा फोम आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती वर्गविहीन गाडी म्हणून. दोन इंच! आज राजकारणाच्या इतिहासात या दोन इंचांना कोणी परिच्छेदही देत नाही. पण ज्यांच्या पाठी त्या लाकडावर रात्र-रात्र घासल्या होत्या, त्यांना समाजवाद म्हणजे काय हे एका रात्रीत कळले असेल. एका मास्तरने दोन इंच वाढवले, आणि आपण मास्तरमंडळी ते मागणाऱ्याला हसतो.

बाजाराचे वकील इथे हस्तक्षेप करतील, आणि त्यांचा पुरावा दुबळा नाही. २००० साली अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या विमानांतून आसने काढून साधारण वर्गात सर्वांना जादा जागा दिली. प्रवाशांनी त्यासाठी जादा भाडे मोजले नाही आणि काही वर्षांतच ती आसने परत बसवली गेली. म्हणजे लोकांना जागा नकोच आहे, स्वस्ताई हवी आहे. हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. पण तिकीट घेताना भाडे ठळक अक्षरांत दिसते, इंच दिसत नाहीत. जी वस्तू दुकानात झाकून ठेवली आहे, ती कोणी मागितली नाही म्हणून तिला गिऱ्हाईक नाही असे ठरवणे हा अजब न्याय आहे. एसटीच्या गाडीत किती प्रवासी बसतील ते आत रंगवलेले असते. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोलने जहाजांवर भाररेषा मारायला लावणारा कायदा १८७६ साली होण्यासाठी जिवाचे रान केले. ती रेषा बाजाराने आपखुशीने मारली नव्हती.

आकाशात अशी रेषा मारण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला, त्याची कथा बोधप्रद आहे. प्रवाशांच्या एका संघटनेने तिथल्या विमान प्रशासनाकडे किमान माप ठरवण्याची मागणी केली. नकार मिळाला. २०१७ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो नकार अंशतः अमान्य केला. अंशतः कशासाठी? प्रवाशाची सोय आणि आरोग्य यांबाबतचा नकार न्यायालयाने कायम ठेवला. फक्त अपघाताच्या वेळी इतक्या अरुंद जागेतून माणसे वेळेत बाहेर पडतील का, या एका मुद्द्यावर नीट उत्तर द्या, असे सांगितले. अवघडलेल्या देहाला न्यायालयात उभे राहायला जागा नव्हती. जळू शकणाऱ्या देहालाच ती मिळाली.

नियम असा आहे, की निम्मी दारे बंद असताना नव्वद सेकंदांत विमान रिकामे होऊ शकले पाहिजे. २००६ साली हॅम्बुर्गमध्ये ए-३८० मधून ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर काढून दाखवली गेली. कौतुक आहे. परंतु स्वेच्छेने आलेली ती माणसे होती. २०१८ च्या कायद्याने अमेरिकी प्रशासनाला एका वर्षात किमान माप ठरवायला सांगितले. ते वर्ष उलटून गेले. मग ओक्लाहोमात बारा दिवस चाचण्या झाल्या. भाग घेणारे सगळे धडधाकट, वय १८ ते ६०. बाळंतपणासाठी लेकीकडे निघालेली सत्तरीची आजी त्यात नव्हती, तिच्या संधिवाताचे गुडघे नव्हते. संघटना पुन्हा न्यायालयात गेली, पण २०२३ साली न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला.

त्या आजीविषयी आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मूळ धोका लहान आहे हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात साधारण सहा हजारांत एक. तो विमानापुरताच नाही, बस, गाडी, मोटार यांतही आहे, कारण दोष उंचीचा नसून हालचाल न करता बसण्याचा आहे. बस निदान ढाब्यावर थांबते. मुंबईहून अमेरिकेत नातवंडांकडे जाणाऱ्या आपल्या आईवडिलांना पायांत घट्ट मोजे घालायला आपण सांगतो आणि निरोप देऊन परत येतो.

दाटी आणि कोंडी यांतला फरकही पाहावा. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. 'जरा सरकून घ्या' म्हटले की तिघे सरकतात. सगळेच नाखुशीने, पण सरकतात. त्या चौथ्या सीटमध्ये एक अलिखित करार आहे, त्यात माणसे एकमेकांना दिसतात. विमानात सरकायला जागाच ठेवलेली नाही. तिथे आपला इंच पुढच्याने पाठ मागे रेलल्यावरच हलतो, आणि मग भांडण पुढच्याशी होते. २०१४ साली अमेरिकेत एका प्रवाशाने पुढचे आसन रेलू नये म्हणून खास उपकरण लावले. त्यावरून इतके हातघाईवर आले, की विमान वाटेतच उतरवावे लागले. दोघांनाही उतरवले गेले. ज्याने एकच जागा दोघांना विकली होती, तो भांडणात कुठेच नव्हता.

मराठी लेखनाने याची दखल किती घेतली? एसटीवर आपल्याकडे भरभरून लिहिले गेले, पु. लं.ची 'म्हैस' तर तोंडपाठ असणारे लोक आहेत. परदेशप्रवासाच्या वर्णनांची आपल्याकडे वाण नाही. पण त्यांत विमान बहुधा दोन ओळींत उडते आणि तिसरीत लंडनला उतरते. खिडकीतले ढग असतात, हवाईसुंदरी असते, आसन नसते. नवलाईचे वर्णन करता करता आपल्या अवघडलेल्या पायांचा उल्लेख करणे लेखकाला कमीपणाचे वाटले असावे. विमानात बसणारा माणूस दुखऱ्या गुडघ्यांचा असू शकतो, हे मान्य केले तर प्रवासाची प्रतिष्ठा उणावते ना! साहित्यातल्या देहावर निबंध वाचणाऱ्यांनी हे एकदा तपासावे.

आता त्या प्रवासाविषयी, जो आम्ही चहाच्या टेबलावर पुरता सांगितलाच नाही. मधल्या आसनावर साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते. पांढरा सदरा, धोतर, मांडीवर पिशवी. मुलगा सैन्यात, त्याला भेटायला निघालेले, विमानात प्रथमच. अर्धा तास ते पाय आखडून, अंग चोरून बसले होते. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, पाय वर घेऊन मांडी घातली तर चालतंय का हितं?"

"नाही हो काका," आम्ही म्हणालो, "चालत नाही इथे."

त्यांनी मान हलवली आणि पिशवी आणखी पोटाशी ओढली. मांडी घालता येणे शक्यच नव्हते, हे खरे. सतरा इंचांत मांडी मावत नाही. पण 'मावत नाही' असे आम्ही म्हणालो नाही. 'चालत नाही' म्हणालो, जणू दोष त्यांच्या बसण्याच्या रीतीत होता, आणि विमानाचे नियम आमच्याकडे राखायला दिले होते. दिल्लीला उतरताना त्यांच्या पायांना सूज आली होती. वहाणा हातात घेऊन ते दारापर्यंत चालत गेले.