कॅनरचे दहावे मूल आणि आईवरचा खटला

१/ “बाई नोकरीले जाते, पोराच्या हाती मोबाईल देते, मग अजून काय होईन!” नंदनवनातील आमच्या गल्लीत एका स्वमग्न मुलाच्या आईविषयी हे वाक्य कानी पडले. मोबाईल नवा आहे, आरोप मात्र जुना. मित्रहो, त्या आरोपाची साधने तपासू या.

२/ १९४३. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. स्वमग्नतेच्या इतिहासाचे हे मूळ साधन. सारे त्याचा दाखला देतात. त्यातले दहावे प्रकरण फारसे कोणी वाचत नाही.

३/ त्या मुलाला १९४२च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत झटके आले. मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला गेला. हान्स बर्गर यांनी हे तंत्र १९२९ मध्ये जगापुढे मांडले होते. मेंदूच्या मागील भागात, डावीकडे, बिघाड दिसला. मूल शांत राहीना, म्हणून आलेखाचा बराच भाग वाचता आला नाही, हेही तिथे प्रामाणिकपणे नोंदले आहे.

४/ पुरावा तुटपुंजा होता, पण होता. कॅनर यांचा निष्कर्षही ‘जन्मजात’ असाच होता. मात्र त्याच निबंधात पालकांच्या कोरडेपणावर शेरे होते. पुढच्यांनी आलेख सोडला आणि शेरे उचलले. पुढे खुद्द कॅनरही त्यात वाहवले. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ने आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

५/ ‘तेव्हा ठाऊकच नव्हते’ हा बचाव टिकत नाही. १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञ पित्याने कारण मज्जासंस्थेत शोधा, असे ग्रंथ लिहून मांडले होते. १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. निकाल लागला, गल्लीपर्यंत पोहोचला नाही.

६/ आता दुसरे टोक. झटके नसलेल्या स्वमग्न मुलांतही अपस्मारासारख्या लहरी इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात. काही अभ्यासांत अशा मुलांची भाषा व दैनंदिन कौशल्ये मागे दिसली, काहींत तसे दिसले नाही. शिवाय दोन गोष्टी सोबत आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

७/ तरीही काहीजण ईईजीचा अहवाल कुंडलीसारखा वाचतात: “रिपोर्ट खराब, आता हा बोलणार नाही.” एका बखरीवरून कारकीर्द लिहू नये, तसे एका आलेखावरून मुलाचे भविष्य लिहू नये. अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये प्रत्येक स्वमग्न मुलाची सरसकट ईईजी सुचवली नाही. झटक्यांची शंका असेल किंवा आलेली भाषा गेली असेल, तर मात्र तपासणी हवीच. १९५७ मध्ये वर्णिलेल्या लँडाउ-क्लेफनर विकारात वाचा जाते आणि खूण झोपेतल्या आलेखात सापडते.

८/ आपल्याकडे १९९५च्या अपंगत्व कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली, २०१६च्या कायद्याने तिला दिव्यांगत्वाच्या सूचीत स्थान दिले. कायदा बदलला, जिभा बदलल्या नाहीत.

९/ लहानग्यांना तासन्‌तास पडद्यासमोर बसवू नये, हे मान्य. पण तेवढ्यावरून आईला दोषी ठरवणे म्हणजे दहावे पान न वाचता निकाल देणे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणवणाऱ्याने निदान आपल्या गल्लीत तरी हा खटला पुन्हा उभा राहू देऊ नये.