श्रावकाचे घर : वारशाने आलेला अडकित्ता

सोलापुरात नवी पेठ, चाटी गल्ली या भागांतील जुनी घरे रिकामी करताना माळ्यावरच्या डब्यात कधी पितळी अडकित्ता निघतो आणि घरातील वडीलधारी माणसे तो नातवाच्या अथवा नातसुनेच्या स्वाधीन करतात. पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकापुढे पानसुपारीचे तबक ठेवण्याच्या आतिथ्याची ती खूण. तथापि प्रश्न उभा राहतो : पाते असलेली वस्तू श्रावकाने भेट द्यावी काय आणि घ्यावी काय?

हा प्रश्न निराधार नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलेल्या पाच अनर्थदंडांत हिंसादान येते. त्यात परशू व तलवार यांच्याबरोबर कुदळीसारखे साधे अवजारही गणलेले आहे. तेव्हा ‘ही तर घरगुती वस्तू’ एवढे समर्थन पुरत नाही. पाहावयाचे ते हे, की त्या दानाने जीवघाताला साधन मिळते काय.

पाते विवेकालाही साधन होते. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात सागारधर्मामृतात न चिरलेली फळे व न उकललेल्या शेंगा वर्ज्य सांगितल्या. आधी उघडून पाहावे, मगच ग्रहण करावे. घरातील विळी याच दृष्टीने चालते. अडकित्ताही त्याच कुळातला.

मात्र अडकित्त्याबरोबर सुपारीची सवय घरात येता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसली तरी सुपारी मानवास कर्करोगकारक ठरवली आहे. वस्तू स्वीकारावी, व्यसन नाकारावे.

मग अडकित्ता मोडीत घालावा काय? पुण्यात दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी अशाच नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभारले. तेथील नक्षीदार अडकित्ते आज लोक आवर्जून पाहतात.

घरातही तेवढा आदर शक्य आहे. पितळ चिंचेने उजळावे, पाते कोरडे करून त्यास खोबरेलाचे बोट लावावे, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही तेथे ते मिटून ठेवावे. सोबत एक चिठ्ठी असावी : कोणाचा, कोणत्या पेढीवरचा, कोणी कोणास कधी दिला. पिढ्यान्‌पिढ्या खतावणी लिहिणाऱ्या घरांना एवढी नोंद जड नाही; ती राहिली, तर पुढच्या पिढीला पितळेचे वजन नव्हे, घराचा आचार मिळेल.