चार बोटे खाली आलेली मोटार

नवी मोटार दाराशी आली की तिला हार घालावा, चाकांखाली लिंबे ठेवावीत आणि शेजारीपाजारी पेढे वाटावेत, ही आपल्याकडील रूढ रीत. अलीकडे काही तरुण मालकांनी या विधींत आणखी एकाची भर घातली आहे. गाडीला क्रमांक मिळतो न मिळतो तोच ती एखाद्या गॅरेजमध्ये नेली जाते, कारखान्यातून बसवून आलेल्या चारही स्प्रिंगा काढल्या जातात आणि त्यांच्या जागी आखूड व अधिक ताठ स्प्रिंगा चढविल्या जातात. गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली येते, चाक आणि मडगार्ड यांमधील पोकळी भरून निघते आणि मालकाला कृतार्थ वाटते.

या हौसेची टवाळी करणे सोपे आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली ज्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, त्याचेच हे एक उदाहरण म्हणून ते निकालात काढता येईल. परंतु तो न्याय अपुरा ठरेल. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर ती कमी कलते, हे यंत्रशास्त्राचे साधे सत्य आहे. शिवाय परदेशी बनावटीची अनेक मॉडेले भारतात आणताना येथील रस्त्यांसाठी मुद्दाम उंच केली जातात. तेव्हा मूळ आराखड्यातील बांधा परत मिळवावा, असे एखाद्या जाणकाराला वाटले तर त्यात अविवेकच आहे असे म्हणता येत नाही.

प्रश्न आहे तो या बदलाच्या किमतीचा, आणि ती किंमत स्प्रिंगांच्या पावतीवर छापलेली नसते. स्प्रिंग हा गाडीचा सुटा अवयव नव्हे. आराम, भारवहन, स्थैर्य आणि जमिनीपासूनचे अंतर या परस्परविरोधी मागण्यांमध्ये अभियंत्याने घडवून आणलेली ती तडजोड असते. एक मागणी पुरविली की उरलेल्या तिन्हींना तोशीस लागते. मूळ स्प्रिंगेसाठी बेतलेला शॉक ॲब्सॉर्बर नव्या स्प्रिंगेशी झगडून लवकर निकामी होऊ शकतो. चाकांचा कोन बदलतो आणि तो पुन्हा जुळवून न घेतल्यास टायर आतील कडेने झिजतात. सस्पेन्शनच्या बिघाडावरील हमी नाकारण्यास कंपनीला कारण मिळते आणि हा बदल विमा कंपनीला कळविलेला नसेल, तर अपघातानंतर भरपाईचा दावाही अडचणीत येऊ शकतो. जी गाडी अद्याप बँकेच्या कर्जात आहे, तिच्याबाबत हा धोका लहान म्हणता येणार नाही.

त्यातच आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने त्यावरून सुखाने जाता यावे. सामान्य मोटारीचा तळ रिकामेपणी जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटर वर असतो. पाच माणसे व सामान चढले की त्यातील काही सेंटिमीटर जातात, नव्या स्प्रिंगांनी आणखी तीन-चार नेले की उरणारे अंतर कसेबसे गतिरोधकाएवढे. आणि गल्लोगल्ली डांबराचे जे उंचवटे रातोरात उगवतात, त्यांनी हे मानक कधी पाहिलेलेही नसते.

कायदा या बाबतीत कठोर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. तरीही अशा स्प्रिंगा उघड विकल्या जातात व उघड बसविल्या जातात. कठोर कायदा आणि ढिली अंमलबजावणी यांच्या संयोगातून जे निपजते तेच येथेही निपजले आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे तो नामांकित बनावटीचा संच घेतो. ज्याच्यापाशी नाही तो मूळ स्प्रिंगेचेच एक-दोन वेढे कापून घेतो. अशी कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक सुटे लोंबकळताच बैठकीतून निसटू शकते. मग संकट एकट्या मालकाचे राहत नाही. समोरून येणारा सायकलस्वारही त्यात ओढला जातो. स्वतःच्या हौसेचा खर्च परक्याच्या माथी पडण्याचा हा प्रकार आहे आणि शासनाचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो तो येथेच.

परंतु हस्तक्षेप म्हणजे केवळ बंदी नव्हे. जर्मनीत अशा स्प्रिंगा तांत्रिक प्रमाणपत्रासह विकल्या जातात; त्या बसविल्यावर अधिकृत तपासनीसाकडून गाडी तपासून घ्यावी लागते आणि बदलाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत होते. ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. पेट्रोलच्या गाडीला सीएनजीचा मान्यताप्राप्त संच बसवून त्याची नोंद आर. सी. पुस्तकात करण्याची सोय आपल्याच कायद्यात आहे. स्फोटक वायूच्या टाकीला जी शिस्त लावता आली, ती पोलादाच्या चार वेटोळ्यांना लावता येऊ नये, याचे सयुक्तिक कारण दिसत नाही. प्रमाणित संच, प्रशिक्षित कारागीर, आर. टी. ओ.ची तपासणी व नोंद, एवढी वाट मोकळी करावी. आणि त्यानंतर कापलेल्या स्प्रिंगांवर मात्र दयामाया न दाखविता कारवाई करावी.

अर्थात, जे शासन मालकाला सेंटिमीटरांचा हिशेब विचारते, त्याने तोच हिशेब आपल्या गतिरोधकांनाही लावला पाहिजे. तोपर्यंत नव्या गाडीच्या मालकाने एवढेच ध्यानात ठेवावे की, कारखान्याने दिलेली ती चार बोटांची उंची फुकट मिळालेली नाही. तिची किंमत त्याने गाडीच्या दरात आधीच मोजली आहे. ती उंची गमावण्यासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजण्यापूर्वी त्याने एकवार आपल्या घराजवळच्या गतिरोधकाकडे पाहून यावे.